कॅबिनेट घेऊन धुळ्याला

त्या वर्षी एप्रिल अर्धा सरला आणि माझा कॉम्प्युटर दुपारी बंद पडायला लागला. मी जळगावात पिंप्राळ्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिसरा मजला, वर थेट गच्ची. काम घरूनच चालतं. नाशिकचे, पुण्याचे आर्किटेक्ट नकाशे पाठवतात आणि मी त्यावरून अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं तयार करतो. पडदे, सोफा, खिडकीतून फरशीवर पडलेलं ऊन, सगळं खरं वाटलं पाहिजे. एक चित्र पूर्ण व्हायला मशीनला तीन-चार तास सलग राबावं लागतं. दुपारी दोनच्या सुमाराला पंखे किंचाळायला लागायचे, मग टक् असा आवाज यायचा आणि स्क्रीन काळी व्हायची. कॅबिनेटला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला, हात लावला तर चटका बसायचा. अर्धवट चित्र गेलेलं असायचं.

एसी बसवायचा तर भिंतीला भोक पाडावं लागणार होतं आणि घरमालक त्याला तयार नव्हते. कूलर होता, पण त्याच्या ओल्या हवेत मशीन ठेवायची मला भीती वाटायची. मग मी रात्रीची कामं सुरू केली. दिवसा झोपायचं, संध्याकाळी उठायचं. महिनाभर असं चाललं. त्या महिन्यात माझं कोणाशी बोलणं झालं म्हणजे खालचा दूधवाला आणि फोनवरचे आर्किटेक्ट. एकदा दूधवाल्याशी बोलताना माझा आवाज फुटेना. खाकरून घ्यावं लागलं. तो म्हणाला, "तब्येत बरी नाही का साहेब?" मी म्हटलं, "बरी आहे. आज पहिल्यांदाच बोलतोय."

पाण्यानं थंड होणाऱ्या कॉम्प्युटरचे व्हिडिओ मी त्याच काळात पाहिले. कल्पना सोपी आहे. आतल्या तापणाऱ्या भागावर तांब्याचा एक ठोकळा बसवायचा, त्यातून नळीनं पाणी फिरवायचं, पाण्यानं उष्णता उचलायची आणि रेडिएटरमध्ये नेऊन सोडायची. मोटारगाडीत असतं तसंच. छोटा पंप पाणी फिरवत राहतो. मी एकेक भाग मागवला. पंप आला, नळ्या आल्या, पितळी जोड आले, शेवटी हातभर लांबीचा रेडिएटर आला. प्रत्येक वेळी पार्सलवाला तीन जिने चढून यायचा आणि मी त्याला पाणी विचारायचो. दोनदा तो प्यायला, नंतर त्याला उशीर व्हायला लागला.

सगळं आलं आणि कळलं की रेडिएटर माझ्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. कॅबिनेट जुनं होतं, जाड पत्र्याचं, उचलताना कंबर सांभाळावी लागेल असं. त्याचं डोकं कापून लांब चौकोनी खिडकी करायला हवी होती आणि आतला हार्ड डिस्कचा पिंजरा त्याच्या रिबीट, म्हणजे पत्रा जोडणारे खिळे, उडवून काढायला हवा होता. नवीन कॅबिनेट घ्यायला काय झालं होतं, असं कोणीही विचारेल. आता नवी येतात ती सगळी काचेची. मला ती आवडत नाहीत, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण होतं.

जवळच गेट आणि ग्रिल बनवणारं एक दुकान आहे. तिथल्या माणसानं कॅबिनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "ठेवून जा. ग्राइंडर मारला की पाच मिनिटांचं काम." बाजूलाच एक गेट कापणं चाललं होतं. ठिणग्या उडत होत्या, कापलेल्या कडेचा रंग जळून फुगत होता. मी कॅबिनेट उचललं आणि परत तीन जिने चढून आलो. तेव्हा मला नानांची आठवण झाली.

नाना म्हणजे माझ्या बायकोचे वडील. आमचा घटस्फोट झाला त्याला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. भांडण असं काही झालं नव्हतं. तिची नोकरी पुण्यात, माझं काम इथे. आधी दर आठवड्याला जाणं-येणं, मग महिन्यानं, मग बोलण्यासारखं काही राहीना. सहा वर्षांचा संसार कोर्टात दोन तारखांत संपला. पुढे तिनं लग्न केलं, ते मला दुसऱ्यांकडून कळलं.

नाना वरणगावच्या फॅक्टरीत फिटर होते. सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी धुळ्याला देवपुरात घर बांधलं आणि घराच्या मागे पत्र्याची शेड टाकून आपली हत्यारं तिथे मांडली. दिवाळीला सासरी गेलो की मी त्या शेडमध्ये जाऊन उभा राहायचो. कानशी लांबीप्रमाणे टांगलेल्या, प्रत्येकीच्या मुठीला फडकं गुंडाळलेलं. घरात सगळे बोलत असायचे आणि नाना तिथे एखादं बिजागर घासत बसलेले असायचे. त्यांच्याइतकं सरळ कापणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नव्हता.

पण एक गोष्ट आडवी येत होती. घटस्फोटानंतरच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. मला दूरच्या एका नातेवाइकानं कळवलं. आमच्या खानदेशात कोणी गेलं की दारावर जातात. जाऊन ओट्यावर बसायचं, काही बोलायचं नाही, घरच्यांना बोलू द्यायचं, एवढंच. शत्रूसुद्धा दारावर येऊन जातो. मी बॅग भरली होती. बसस्टँडपर्यंत गेलोही होतो. तिथे उभं राहिल्यावर वाटलं, आपण कोण म्हणून जायचं? तिथे ती असेल, तिचे सगळे नातेवाईक असतील, लोक एकमेकांकडे पाहतील. मी परत आलो. सासूबाई मला भरीत वाढताना नेहमी तेल जरा जास्त सोडायच्या, कारण पहिल्या दिवाळीला मी एकदा बरं लागतं म्हणालो होतो. त्या बाईच्या दारावर मी गेलो नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी कॅबिनेट रिकामं केलं, चादरीत बांधलं आणि सकाळची धुळ्याची बस पकडली. फोन केला नाही. काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

कंडक्टरनं विचारलं, "काय आहे यात?"

"कॉम्प्युटरचा डबा. रिकामा आहे."

"रिकामा डबा घेऊन कुठे निघाले?" तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेला. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. कॅबिनेट मांडीवर होतं आणि मांड्या बधिर झाल्या होत्या. धुळ्याला उतरून रिक्षा केली, पांझरेचा पूल ओलांडला आणि घरासमोर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते.

नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. खूप वाळले होते. दाढी वाढलेली, बनियनचा गळा सैल. त्यांनी मला पाहिलं आणि उठले. आत जाऊन सतरंजी आणली आणि ओट्यावर अंथरली. स्वतः खुर्ची सोडून तिच्यावर बसले. मी कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसलो.

तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मी कोण ते अहिराणीत विचारलं. "हाऊ कोन शे, नाना?"

"पाव्हना शे," नाना म्हणाले. आमच्याकडे पाहुण्यालाही पाव्हना म्हणतात आणि जावयालाही. अक्कांनी काय समजायचं ते समजून घेतलं. त्या उंबऱ्याशी बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. यांना वाटतंय, मी दारावर आलोय.

मी काही बोललो नाही. रीत अशी की गप्प बसायचं, म्हणून माझं गप्प बसणं कोणाला खटकलं नाही. थोड्या वेळानं नाना सांगायला लागले. "सकाळी चहा झाला. गवार निवडायला घेतली तिनं. म्हणे, पाठीत दुखतंय. मी म्हटलं, जरा पड. ती म्हणे, एवढी गवार होऊ द्या. मी पेपर वाचत होतो. पातेलं पडल्याचा आवाज आला." ते थांबले. "रिक्षा मिळेपर्यंत दहा मिनिटं गेली. तिथे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मला वाटतं, दहा मिनिटं आधी जरी..."

 त्यांनी हे आधी पुष्कळ लोकांना सांगितलेलं असणार, पण आता बऱ्याच दिवसांत कोणी ऐकायला आलेलं नसावं. शब्द पाठ होते. अक्कांनी पाणी आणून दिलं. मी पाणी प्यालो आणि मान खाली घातली. भिंतीला टेकवलेलं ते चादरीतलं कॅबिनेट मला दिसत होतं. तिथून उठून निघून जावंसं वाटत होतं.

अक्का गेल्यावर नाना म्हणाले, "त्यात काय आणलंय?"

मी चादर सोडली. सगळं सांगितलं. मशीन कसं तापतं, पाणी कसं फिरतं, रेडिएटर कुठे बसायला हवा. त्यांनी कॅबिनेट आडवं केलं, कडेवर अंगठा फिरवला, नख मारून आवाज ऐकला. "वीस गेजचा पत्रा शे. चांगला शे," ते म्हणाले. मग आत गेले आणि चष्मा घेऊन आले.

त्या दिवशी काहीच कापलं नाही. नानांनी रेडिएटर मागितला. मी तो आणलाच नव्हता, फक्त मापं लिहून आणली होती. ते म्हणाले, "कागदावरचं माप कागदाला. वस्तू घेऊन या." मी निघालो. दारावर आलेला माणूस जाताना 'येतो' म्हणत नाही. मी चपला घालून नुसता उभा राहिलो. नानाच म्हणाले, "मग पुढच्या रविवारी या. डबा राहू द्या इथे."

पुढच्या रविवारी मी रेडिएटर आणि पंखे घेऊन गेलो. नानांनी दाढी केली होती. शेड झाडून ठेवली होती आणि पुठ्ठ्याचा एक चौकोन कापून तयार ठेवला होता, खिडकीचा. आधी त्यांनी रेडिएटर पुठ्ठ्यावर ठेवून भोकं जुळवली, मग पुठ्ठा दोनदा सुधारला, मग कॅबिनेटवर कागदी चिकटपट्टी लावली म्हणजे रंग निघणार नाही, आणि त्यावर काटकोनाचा गुण्या धरून पेन्सिलीनं रेघा ओढल्या. यातच दुपार झाली. मी विचारलं, "आता कापायचं?" ते म्हणाले, "आता जेवायचं."

त्यांनी खिचडी केली होती, वर तेल आणि लसणाचा ठेचा. मला पाटावर बसवलं, स्वतः नंतर बसले. "घ्या, तुम्ही घ्या," म्हणत राहिले. लग्नानंतरची सहा वर्षं ते मला असंच अहो-जाहो करायचे. त्यांच्यापेक्षा मी पस्तीस वर्षांनी लहान, पण जावयाला तू म्हणत नाहीत. आता मी जावई नव्हतो तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं.

दुपारी चारही कोपऱ्यांवर पंच मारून भोकं पाडली. ड्रिलच्या टोकाशी ते तेलाचा थेंब सोडायचे आणि थांबून थांबून दाब द्यायचे. मग पत्र्याखाली प्लायवूडची फळी सरकवली आणि जिगसॉचं, म्हणजे विजेच्या करवतीचं, पातं भोकात घातलं. मी दोन्ही हातांनी कॅबिनेट दाबून धरलं होतं. पहिली बाजू नीट कापली. दुसऱ्या बाजूला माझा हात घामानं निसटला, पत्रा थरथरला आणि पातं अडकलं.

"धर ना बराबर, पत्रा नाची राहिना," नाना म्हणाले. "काय करी राहिना तू?"

मी घट्ट धरलं. त्यांनी पातं सोडवलं आणि पुन्हा चालू केलं.  त्यानंतर तसंच सुरू झालं. शेडमध्ये मी 'तू' होतो. "इकडे ये, देख, हाऊ कोपरा अजून घास." आणि घरात जाऊन ताटावर बसलो की पुन्हा 'तुम्ही'. मला शेडमधलं बरं वाटायचं. मला घरच्या कोणी तू म्हणून हाक मारली त्याला फार दिवस झाले होते.

त्याच दुपारी त्यांचा फोन वाजला. मी कानशीनं कड घासत होतो. फोन पाहून नाना शेडच्या बाहेर गेले आणि कडुलिंबाखाली उभे राहिले. शेडची भिंत पत्र्याचीच, सगळं ऐकू येत होतं. "हो, जेवलो. खिचडी केली होती. औषध घेतलं." मग थोडं थांबून, "आवाज? कानशीचा शे. मी... नाही, कोणी नाही इथे. एकटाच शे."

मी हात थांबवला. मग वाटलं, आवाज एकदम थांबला तर पुण्यात तिला कळेल, आणि नाना बाहेर असताना शेडमध्ये आवाज चालू असणं तसंही चुकीचंच होतं. घासावं की थांबावं, मला समजेना. कानस पत्र्यावर ठेवून मी तसाच उभा राहिलो. नाना आत आले, माझ्याकडे न बघता कड तपासली आणि म्हणाले, "बुरी राहिली, ही बारीक धार. हात कापेल." मी पुन्हा घासायला लागलो. संध्याकाळच्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. पाळधीपर्यंत मी बाहेर बघत होतो, पण वाटेतलं काही आठवत नाही.

तरी मी पुढच्या रविवारी गेलो. त्या दिवशी पिंजऱ्याच्या रिबीट उडवल्या, कापलेल्या कडेला काळा रंग मारला आणि तो वाळल्यावर रबरी पट्टी बसवली. नानांनी रेडिएटर खिडकीत ठेवला. तो न अडकता, न हलता बसला. त्यांनी तो चार वेळा काढून पुन्हा बसवला. "आता पानी कधी?" त्यांनी विचारलं.

पाणी मला घरी भरायचं होतं. पण ते ज्या तऱ्हेनं विचारत होते ते पाहून मी म्हटलं, "पुढच्या वेळी सगळं घेऊन येतो. इथेच भरू."

चौथ्या रविवारी मी पंप, नळ्या, ठोकळा सगळं एका खोक्यात घेऊन निघालो. धुळ्यात उतरल्यावर बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाण्याचा कॅन घेतला. साधं पाणी चालत नाही, क्षार साठतात. शेडमध्ये आम्ही सगळं जोडलं. विजेचे महागडे भाग मुद्दाम बसवले नाहीत. आधी नुसता पंप चालवून दिवसभर बघायचं असतं, कुठे गळतं का. नानांनी कॅबिनेटच्या खाली आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचे तुकडे पसरले. "कागद लपवत नाही," ते म्हणाले. "एक थेंब पडला तरी डाग दिसतो."

पंप सुरू झाला. नळीतून हवेचे बुडबुडे पळाले, पाणी ठोकळ्यातून वर चढलं, रेडिएटरमध्ये गेलं आणि दुसऱ्या बाजूनं परत आलं. नाना जमिनीवर बसून बघत राहिले. थोडा वेळ नळीवर बोट ठेवून त्यांनी ते वाहणं जाणून घेतलं. मग आम्हाला काही कामच उरलं नाही. दोघं दोन बाजूंना बसलो आणि कागदाकडे बघत राहिलो. बाहेर ऊन तापलं होतं. शेडमध्ये टेबलफॅन होता, त्यानं कागद उडायचे, म्हणून तो बंद केला होता. घाम पुसत आम्ही बसलो होतो.

तासाभरानं मी म्हणालो, "नाना, मी त्या दिवशी दारावर आलो नव्हतो."

ते कागदाकडेच बघत होते. "माहीत शे."

"तुम्हाला कळलं होतं?"

"दारावर येणारा माणूस एवढं ओझं घेऊन येत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

नानांनी चष्मा काढला, बनियननं पुसला. "काय बोलू? मला वाटलं, याला उठवलं तर निघून जाईल. बसला होतास ना तू. शेवटपर्यंत बसलास. तिच्या नावानं बसणं झालं, बस."

मी म्हणालो, "मी तेव्हा जळगावच्या बसस्टँडपर्यंत गेलो होतो. तिथून परत घरी आलो."

"का?"

"कोण म्हणून यायचं, कळेना."

त्यांनी कागदाची कड सरळ केली. मग म्हणाले, "तिला कोणी विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं, तू कोण ते. पण ती तुला जेवू घातल्याशिवाय सोडती नसती." आणि लगेच पुढे झुकले. "देख. तो डाग कशाना शे?"

खरंच एक डाग होता, आठाण्याएवढा. वरच्या जोडाच्या खाली. पंप बंद केला. जोड उघडला तर आतली रबरी कडी एका बाजूनं चिमटली होती. मीच घाईत बसवली होती. नानांनी ती बोटांवर फिरवून पाहिली, किंचित तेल लावलं आणि नीट बसवली. कागद बदलला. पुन्हा पंप सुरू झाला. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कागद कोरडा होता.

जेवण त्या दिवशी उशिरा झालं. ताटावर बसल्यावर नाना म्हणाले, "तुम्हाला सांगायचं राहिलं. मुलगी येतेय पुढच्या आठवड्यात. मला पुण्याला घेऊन चालली. कायमचं. म्हणते, एकट्यानं राहू नका आता. बरोबरच आहे तिचं."

"आणि घर?"

"भाड्यानं देणार. बठ्ठं, सगळंच ठरलंय." त्यांनी माझ्या ताटात खिचडी वाढली. "तर आता रविवारी येऊ नका तुम्ही. ती असेल. उगाच अवघड होईल सगळ्यांना."

मी हो म्हणालो. अवघड झालं असतं, हे खरंच होतं. त्यांनी कॅबिनेट स्वतः चादरीत बांधलं. पाणी आधी काढून घेतलं होतं. कोपरे दबू नयेत म्हणून आत जुनी उशी कोंबली. रिक्षापर्यंत यायला निघाले, पण फाटकाशी थांबले. अक्का त्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "निंघनात का जवाई?" नानांनी त्यांना दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

मशीन मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण केलं. पहिल्याच दिवशी भर दुपारी मोठं चित्र लावलं. चार तास चाललं आणि पूर्ण झालं. आवाज जवळजवळ नव्हताच. इतका नव्हता की मी दोनदा उठून पाहिलं, बंद तर पडलं नाही. मला कोणाला तरी सांगायचं होतं. आर्किटेक्टला सांगितलं, तो म्हणाला, "छान. फाइल कधी पाठवताय?" मी फाइल पाठवली. दिवसा काम करायला लागलो, रात्री झोपायला लागलो. रविवारी काय करायचं, हा प्रश्न पुढे पुष्कळ दिवस होता. सकाळी लवकर जाग यायची आणि आठवायचं की कुठे जायचं नाहीये. एका रविवारी बसस्टँडवर जाऊन चहा पिऊन आलो.

पावसाळा, हिवाळा गेला. मार्च संपत आला आणि मशीनमधलं पाणी बदलायची वेळ झाली. त्या निमित्तानं मी नानांना फोन लावला. फोन तिनं उचलला.

तिनं हॅलो म्हटलं आणि मी नाव सांगायच्या आधीच मला ओळखलं. नंबर तिला दिसला असणार.

"बाबा झोपलेत," ती म्हणाली. "काही काम होतं?"

"काम नाही. सांग त्यांना, मशीन चांगलं चाललंय. पाणी बदलतोय."

"कसलं मशीन?"

मग मी सांगितलं. चार रविवार, कॅबिनेट, पुठ्ठा, सगळं.  शेवटी ती म्हणाली, "आईच्या वेळी तू आला नाहीस."

"नाही आलो."

"मी वाट बघितली होती. का, माहीत नाही. पण दहा दिवस फाटक वाजलं की बघायचे."

 तिनं उत्तर मागितलं नाही. तिच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली. "सांगते त्यांना," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तीन वर्षांत, म्हणजे आता चार, आमचं तेवढंच बोलणं झालं.

दोन दिवसांनी दुपारी नानांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण हसत होते. "मुलीनं दिला लावून," ते म्हणाले. मग सरळ कामाचं. "पानी काढलं ते कसं होतं? गढूळ?"

"नाही. स्वच्छ होतं."

"कडेला गंज?"

"कुठेच नाही."

"बरं." मग स्वतःहून सांगायला लागले. "इथे आठव्या मजल्यावर राहतो आम्ही. कानस मारली तर खालचे वर येतील. हत्यारं तिकडे शेडमध्येच कुलुपात आहेत. भाडेकरू म्हणतो, शेड मोकळी करून द्या."

मी म्हणालो, "माझ्याकडे ठेवतो. एक खोली रिकामीच आहे. तुम्ही याल तेव्हा बघाल."

"जिने किती आहेत?"

"तीन मजले."

"मग अवघड आहे," नाना म्हणाले. मग म्हणाले, "बघू. तिला विचारून सांगतो."